क्रूझच्या गोवा थांब्यात पहिल्यांदा पॅरासेलिंग करताना

मुंबईहून निघालेले क्रूझ जहाज मुरगाव बंदराला लागते, तेव्हा प्रवाशांच्या हाती फार तर एक दिवस असतो. काही सफरींत तोही पुरा मिळत नाही. त्या दिवसात समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पॅरासेलिंग करावे, असे अनेकांच्या मनात असते, आणि त्यातले बहुतेक जण ते आयुष्यात पहिल्यांदाच करणार असतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ जेमतेम काही मिनिटांचा असतो आणि त्या मिनिटांत आपल्या हाती जवळजवळ काहीच नसते. किती वाजता जायचे, कोणत्या किनाऱ्यावर जायचे, कोणाच्या बोटीत बसायचे आणि कधी नाही म्हणायचे, हे सगळे त्याआधीच ठरलेले असावे लागते. हा लेख मुख्यतः त्या आधीच्या तासांविषयी आहे.

प्रथम एक गोंधळ दूर करू. पॅराग्लायडिंगमध्ये डोंगरावरून किंवा कड्यावरून उडी घेतली जाते आणि पंखासारखी छत्री चालक स्वतः वळवतो. पॅरासेलिंगमध्ये छत्रीला दिशा देण्याचे काम आपल्याकडे नसते. आपल्याला हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाने, छत्रीला जोडलेले असते, छत्री दोराने बोटीला बांधलेली असते आणि बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पुढे गेली की छत्रीत हवा भरून आपण वर उचलले जातो. ओढून वर चढणारी अशी छत्री फ्रेंच अभियंता पिएर लेम्वान्य यांनी १९६१ च्या सुमारास विकसित केली. सुरुवातीला माणसाला वाळूवरून पळत जाऊन उडावे लागे. पुढे बोटीच्या मागच्या बाजूला सपाट फळी आणि दोर सोडणारे-गुंडाळणारे विंच आले, आणि बोटीवरूनच वर जाऊन बोटीवरच उतरण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे काही किनाऱ्यांवर अजूनही जीपने किंवा किनाऱ्यावरून निघणाऱ्या बोटीने ओढून उडवतात. नवख्या माणसाने शक्यतो विंच असलेल्या बोटीवरूनच उडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळूवरून उडताना आणि उतरताना झाडे, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा उपाहारगृहे), विजेच्या तारा आणि माणसे जवळ असतात. खोल पाण्यावर यातले काहीच नसते.

पहिली पायरी: घड्याळ उलट मोजणे

जहाजावर मिळणाऱ्या दैनिक पत्रकात दोन वेळा छापलेल्या असतात. एक जहाज सुटण्याची आणि दुसरी सर्व प्रवाशांनी जहाजावर परतण्याची. आपल्यासाठी दुसरीच वेळ खरी. तिच्यापासून मागे मोजत यावे. मुरगाव बंदरापासून कळंगुट-बागा हा पट्टा साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. झुआरी नदीवरचा नवा पूल झाल्यापासून आगशी-कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली असली, तरी पणजी आणि पर्वरी ओलांडून तिकडे पोहोचायला सव्वा ते दीड तास धरावाच लागतो. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात त्याहूनही जास्त. दक्षिणेकडचे कोलवा आणि बाणावली हे किनारे यापेक्षा बरेच जवळ आहेत. ज्याचा थांबा सहा-सात तासांचाच आहे, त्याने उत्तर गोव्याचा मोह सोडून दक्षिणेकडे जावे. किनाऱ्यावर नाव नोंदवल्यापासून पाण्याबाहेर येईपर्यंत एक तास सहज जातो, गर्दी असेल तर दोन तास. परतीच्या प्रवासाच्या अंदाजात आणखी एक तास मोकळा ठेवावा.

गोव्यात मुंबई-पुण्यासारख्या ॲपवर मिळणाऱ्या टॅक्सींची सवय उपयोगी पडत नाही. बंदराबाहेर स्थानिक टॅक्सी असतात, आणि आयत्या वेळी परतीची गाडी शोधत बसण्यापेक्षा जाऊन-येऊन थांबण्यासह गाडी ठरवणे अधिक शहाणपणाचे असते. भाडे, थांबण्याचा वेळ आणि परत निघण्याची वेळ तिन्ही गोष्टी गाडीत बसण्यापूर्वी बोलून घ्याव्यात. जहाजानेच आयोजित केलेली किनारा-सफर घेतली तर पैसे जास्त जातात. मात्र त्या गटाच्या परतीची व्यवस्था जहाजाच्या वेळेशी जोडलेली असते, आणि स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला, विशेषतः सोबत वडीलधारी माणसे किंवा मुले असतील तर, हा जादा खर्च मला रास्त वाटतो.

आदल्या रात्री आणि सकाळी

क्रूझवरची रात्र उशिरापर्यंत जागते आणि मद्य सहज हाताशी असते. सकाळी उडायचे असेल त्याने आदल्या रात्री मद्य टाळावे, किंवा निदान लवकर थांबवावे. निर्जलीकरण, अपुरी झोप आणि लाटांवर हेलकावणारी छोटी बोट या तिन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे हमखास मळमळ. अनेकांना हवेत काहीच होत नाही, पण आपली पाळी येईपर्यंत बोटीत बसून राहावे लागते तेव्हा पोटात ढवळते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रवासाची गोळी आधीच घ्यावी; लाटांवर गेल्यानंतर घेतलेली गोळी उपयोगी पडेपर्यंत सगळे संपलेले असते. न्याहारी हलकी असावी, पण उपाशी जाऊ नये.

गरोदर स्त्रिया, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, पाठीच्या किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असलेले, हृदयविकार किंवा फिट्स येणारे यांनी हा प्रकार करू नये. वर जाताना झटका बसत नाही हे खरे. पाण्यात किंवा बोटीवर उतरताना मात्र तो बसू शकतो. प्रवास विमा काढला असेल तर त्यातल्या साहसी खेळांविषयीच्या अटी जहाजावर असतानाच वाचून घ्याव्यात, कारण अनेक विम्यांमध्ये असे खेळ वगळलेले असतात.

वारा: सगळ्यात महत्त्वाची पायरी

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंग करणाऱ्यासाठी हा धडा प्रत्यक्ष कामाचा आहे. हिवाळ्यात सकाळी साधारण दहा-अकरापर्यंत मतलई वारा मंद असतो आणि समुद्र बराच शांत असतो. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, आणि मार्च ते मे या महिन्यांत तर तो दुपारी चांगलाच भरतो.

सकाळच्या वेळेचा फायदा केवळ वारा कमी असण्याचा नाही, दिशेचाही आहे. दोर तुटला तर छत्री वाऱ्याबरोबर जाते. मतलई वाऱ्यात ती खुल्या समुद्राकडे सरकते, जिथे बोट पाठोपाठ येऊन माणसाला उचलू शकते. खाऱ्या वाऱ्यात तीच छत्री किनाऱ्याकडे, म्हणजे माडांकडे, शॅककडे आणि इमारतींकडे जाते. पॅरासेलिंगमध्ये पाण्यात पडण्यापेक्षा कठीण वस्तूवर आदळण्याची काळजी अधिक करावी लागते. म्हणूनच सकाळची वेळ आणि किनाऱ्यापासूनचे पुरेसे अंतर या दोन गोष्टींवर मी अडून बसतो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. आठ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा सोळा नॉटचा झाला, म्हणजे वेग दुप्पट झाला, तर छत्रीवरचा आणि दोरावरचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. जोराच्या वाऱ्यात बोट थांबवली तरी छत्री खाली येत नाही, आणि विंचला दोर ओढून घेणे जड जाऊ लागते. झोताने येणारा वारा एकसारख्या वाऱ्यापेक्षा वाईट, कारण प्रत्येक झोत दोराला हिसका देतो.

किती वारा जास्त म्हणायचा, यासाठी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा नियम मापदंड म्हणून वापरता येतो. तिथे अपघातांत मृत्यू झाल्यानंतर २०१४ साली व्यावसायिक पॅरासेलिंगसाठी कायदा झाला. एकसारखा वारा ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असेल, किंवा झोत ताशी २५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या वर जात असतील, तर उड्डाण करता येत नाही. सात मैलांच्या, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरच्या आत विजांचे वादळ असले तरीही मनाई आहे. ही कमाल मर्यादा आहे; नवख्याने तिच्या काठावर जाऊ नये. माझा स्वतःचा आकडा बारा नॉट, म्हणजे ताशी सुमारे बावीस किलोमीटर, एवढाच आहे. मोबाइलवर हवामानाच्या ॲपमध्ये त्या किनाऱ्याचा तासागणिक वारा आणि झोत दोन्ही पाहून ठेवावेत. बंदराला लागण्यापूर्वी जहाज खोल समुद्रात असते तेव्हा मोबाइलला रेंज नसते, म्हणून मुंबई सोडण्यापूर्वी एकदा आणि गोव्याजवळ रेंज आल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर डोळ्यांनीही अंदाज घेता येतो. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसत असेल तर वारा दहा नॉटच्या आतबाहेर असतो. सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागले, तर तो सतरा नॉटच्या पुढे गेलेला असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी दोनला कळंगुटला पोहोचलो होतो आणि समोर असेच तुरे दिसत होते. बोटवाल्याने स्वतःहून सांगितले की वारा वाढला आहे, आज आता जमणार नाही. एवढा प्रवास करून आल्यामुळे मी त्याच्याशी वाद घातला, आणि त्याने शांतपणे पुन्हा नकार दिला. त्या माणसाविषयी मला आज अतिशय आदर वाटतो. पुढच्या सफरीत सकाळी साडेनऊला पोहोचलो आणि मंद वाऱ्यात उडालो.

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत मात्र दुपारनंतर अचानक गडगडाट सुरू होऊ शकतो. ढगांचा आवाज ऐकू आला की पाण्याबाहेर यावे.

कोणाच्या बोटीत बसायचे

किनाऱ्यावर पाऊल ठेवताच पाच राइडचे एकत्रित पॅकेज घेऊन माणसे पुढे येतात. यातले अनेक जण मध्यस्थ असतात आणि प्रत्यक्ष बोट दुसऱ्याचीच असते. त्यामुळे दराची घासाघीस करण्यापूर्वी बोट कोणाची, ती गोवा पर्यटन खात्याकडे नोंदलेली आहे का आणि परवाना कुठे लावला आहे, हे विचारावे. परवान्याचा कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. दर हवेतल्या मिनिटांचा आहे की बोटीतल्या एकूण वेळाचा, पाण्यात पाय बुडवण्याचे आणि व्हिडिओचे पैसे वेगळे आहेत का, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.

मग सुरक्षिततेचे प्रश्न. बोटीवर चालकाशिवाय केवळ उडणाऱ्याकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस आहे का? चालकाने पुढे पाहायचे असते. तोच मागे वळून छत्री पाहत असेल तर ती बोट नको. बोटीवर किनाऱ्याशी बोलण्यासाठी वायरलेस संच आहे का? दोर केव्हा बदलला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणी तारखेने देतो का, यावरून बरेच कळते. दोर खारे पाणी, ऊन आणि वाळू यांनी आतून कमकुवत होतो, आणि त्याच्या मध्ये गाठ असेल तर त्या जागी त्याची ताकद आणखी घटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक दांपत्य उंचावरून समुद्रात पडले. अंगावर लाइफ जॅकेट असल्यामुळे ते वाचले. तेव्हा बोटीवर चढल्यावर विंचजवळचा दोर पाहावाच. तंतू सुटलेले, घासून केसाळ झालेले किंवा मध्ये गाठ मारून जोडलेले दिसले, तर भरलेले पैसे विसरून उतरावे.

अंगावर काय असावे

घट्ट बसणारे, गुडघ्यापर्यंतचे कपडे सर्वांत चांगले, कारण हार्नेसचे पट्टे मांड्यांना काचतात. ओढणी, साडी, सैल कुर्ता नको. मंगळसूत्र, साखळ्या, बांगड्या, घड्याळ जहाजावरच्या तिजोरीत ठेवून यावे. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते किमान कपड्याच्या आत चिकटपट्टीने बसवावे. लांब केस घट्ट बांधावेत. चष्म्याला मागून दोरी हवी. चपला आणि मोबाइल किनाऱ्यावरच ठेवावेत. जहाजाचे कार्ड आणि ओळखपत्र मात्र जलरोधक पिशवीत घालून सोबतच्या न उडणाऱ्या माणसाकडे द्यावे, कारण ती दोन्ही नसतील तर बंदराच्या फाटकावर अडचण येते.

हार्नेस

किनाऱ्यावरून छोटी बोट आपल्याला समुद्रातल्या मोठ्या, विंचच्या बोटीवर घेऊन जाते. तिथे आधी लाइफ जॅकेट आणि त्यावर हार्नेस चढवला जातो. या टप्प्यावर घाई करणारा कोणीही असो, आपण घाई करू नये. जुलै २०१७ मध्ये फुकेतच्या काटा किनाऱ्यावर एक ज्येष्ठ पर्यटक हार्नेस नीट न बसवल्यामुळे हवेतून खाली पडून मृत्युमुखी पडला. तेथील बोट, छत्री आणि दोर या सगळ्यांपेक्षा एका पट्ट्याची चूक मोठी ठरली.

लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून दोन्ही खांद्यांना धरून कोणाला तरी वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठे आहे. हार्नेसमध्ये दोन्ही मांड्यांचे पट्टे आणि कमरेचा किंवा छातीचा पट्टा लागलेला असावा. पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. हार्नेसची बैठक मांड्यांच्या खाली, खुर्चीत बसल्यासारखी आली पाहिजे. ती कमरेवर राहिली तर हवेत आपण बसत नाही, लोंबतो. शेवटी दोन्ही बाजूंचे हुक छत्रीच्या दांडीला अडकवल्यावर त्यांचे कुलूप बंद झाले आहे का, हे स्वतः पाहावे आणि सोबतच्याचेही पाहावे.

वजन विचारले तर खरे सांगावे. कमी वाऱ्यात जड जोडी नीट उचलली जात नाही, आणि जास्त वाऱ्यात हलका माणूस खाली उतरवणे कठीण जाते. चालक जोड्या याच हिशेबाने लावतो. मुलांच्या बाबतीत मी वयापेक्षा हार्नेस पाहीन. पट्टे पूर्ण आवळूनही हार्नेस सैल राहत असेल, तर मूल कितीही हट्ट करो, त्याला खालीच ठेवावे.

वर आणि खाली

निघण्यापूर्वी खुणा ठरवून घ्याव्यात. हवेतून आवाज बोटीपर्यंत पोहोचत नाही. खाली घ्या आणि थांबा या दोन खुणा पुरेशा आहेत. फळीवर बसलेले असताना बोट वेग घेते, चालकाचा साथीदार दोर सोडू लागतो आणि आपण बसल्या जागेवरून अलगद मागे-वर सरकतो. उडी मारायची नसते, उभे राहायचे नसते. हात वरच्या पट्ट्यांवर ठेवावेत. हुकांना किंवा कुलपांना कधीही हात लावू नये. दोर पूर्ण सुटला की आपली उंची दोराच्या लांबीपेक्षा बरीच कमी असते, कारण दोर तिरका असतो. शंभर मीटर दोर पंचेचाळीस अंशांत असेल, तर उंची साधारण सत्तर मीटर भरते. तिथे पोहोचल्यावर इंजिनाचा आवाज विरतो आणि अपेक्षेच्या नेमके उलट घडते: सगळे संथ होते. किनारा एका वळणात दिसतो, माडांची रेघ दिसते, मासेमारीच्या होड्या दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने या काही मिनिटांत फोटोचा विचार न करता फक्त पाहावे, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

उतरताना चालक वेग कमी करतो आणि विंच दोर गुंडाळते. पाण्यात पाय बुडवायचे ठरले असेल तर गुडघे किंचित वाकवून पाय जुळवून ठेवावेत. फळीवर उतरताना पाय पुढे करावेत आणि टेकल्याबरोबर बसून घ्यावे. उभे राहण्याच्या प्रयत्नात घोटे मुरगळतात.

दोर तुटलाच तर छत्री मिटत नाही, ती वाऱ्याबरोबर सरकत हळूहळू खाली येते. अशा वेळी हवेत हार्नेसचे काहीही सोडू नये, पाय एकत्र आणि गुडघे वाकलेले ठेवावेत. पाण्यात पडल्यावर पाठीवर तरंगावे, तोंड वर ठेवावे आणि छत्रीच्या दोऱ्यांत हातपाय अडकू देऊ नयेत. वारा छत्रीला ओढत असेल तर ती कशी सोडवायची, हे उडण्यापूर्वीच बोटीवर करून दाखवायला सांगावे. जो ते दाखवत नाही, त्याच्या बोटीवरून उडू नये.

परदेशी क्रूझवर जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून सिंगापूर-फुकेत क्रूझवर जाणारी कुटुंबेही बरीच असतात. पाटोंगसारख्या किनाऱ्यासमोर जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून उभे राहते आणि छोट्या बोटींनी ये-जा करावी लागते. तिथे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ हीच आपली मर्यादा. सिंगापूरचे घड्याळ थायलंडपेक्षा एक तास पुढे असते, आणि मोबाइल किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. जहाज कोणती वेळ पाळते हे उतरण्यापूर्वी विचारून साधे मनगटी घड्याळ तिच्यावर लावावे. तिथल्या वाळूवरून छत्री ओढण्याच्या पद्धतीत पळत उडावे आणि उतरावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी.

परतताना गाडीत बसण्यापूर्वी गोड्या पाण्याने हातपाय धुऊन कोरडे कपडे घालावेत. मीठ आणि वाळू असलेल्या ओल्या कपड्यांत दीड तास बसल्यावर मांड्यांवर पट्ट्यांनी काचलेली जागा चांगलीच झोंबते. जहाजावर चढताना सुरक्षा तपासणी पुन्हा होते, तेव्हा कार्ड आणि ओळखपत्र वरच्या कप्प्यात असू द्यावे.